हो, गुन्हा आहे. पण पिंजऱ्याचं दार उघडू नका

तुम्ही विचारलंय, "आमच्याकडे सात वर्षांपासून पोपट आहे, अगदी पिल्लू असल्यापासून वाढवलाय. तरी गुन्हा होतो का? मग दुकानात रंगीत पक्षी उघड कसे विकतात?"

होतो. सात वर्षं असोत की सतरा. लाल चोचीचा, गळ्यात कंठ असलेला आपला हिरवा पोपट वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतो. २०२२च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या अनुसूचीत आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुकानातले बजरीगर आणि कॉकाटील मूळचे ऑस्ट्रेलियातले, पिंजऱ्यातच पैदास झालेले, म्हणून ते विकता येतात. प्रेमाने वाढवला म्हणून कायद्यात सूट नाही.

इथेच थांबणार होते, पण "पिल्लू असल्यापासून" हे वाचलं आणि राहवलं नाही.

आमचं घर देवगड तालुक्यात. मागच्या परड्यात वीज पडून शेंडा जळालेला एक माड होता, नुसता खांब उरलेला. सुतारपक्ष्यांनी पाडलेल्या ढोलीत दरवर्षी पोपटांची जोडी यायची. शिमग्याच्या आसपास धाकटे काका शिडी लावून वर चढत आणि पिल्लं टॉवेलात गुंडाळून खाली आणत. मी जवळून बघितलीत ती. मान धरत नसे, डोळे नुकते उघडलेले, अंगावर पिसांऐवजी हिरवट काटे. एक घरी राही, बाकीची ओळखीच्यांत वाटली जात, कधी पैसे घेऊनही. ती जोडी दोन-तीन दिवस माडाभोवती ओरडत फिरायची. मग गप्प व्हायची.

१९९४ साली मी नववीत होते. घरातला मिठू दोन वर्षांचा झाला होता. पंख वाढले की काका नखं कापायच्या कात्रीने ते छाटत. सकाळी कलमांवरून थवा आरडत गेला की मिठू पिंजऱ्याच्या त्या बाजूला सरकायचा आणि थवा दिसेनासा होईपर्यंत तिथेच गजाला चिकटून राहायचा. शाळेत बाईंनी सांगितलं होतं की पोपट पाळायला कायद्याने बंदी आहे. मी घरी येऊन काकांना तसं म्हटलं. ते म्हणाले, "माका कायदो शिकव नको. मी काय बंदूक घेऊन शिकार केलंय?"

मे महिन्यात एका दुपारी सगळे झोपलेले असताना मी दार उघडलं. तो बाहेर येईना. शेवटी हातात घेऊन फणसाच्या खालच्या फांदीवर ठेवला. त्याने पंख फडफडवले आणि सरळ खळ्यात पडला. कावळे आधी कुठे होते कोण जाणे, पण चार आले. मी काठी आणेपर्यंत संपलं होतं. सारवलेल्या जमिनीवर हिरवी पिसं पडली होती, आणि त्यातल्या काहींची टोकं कात्रीने कापल्यासारखी सरळ होती. ती टोकं मला अजून दिसतात.

काका म्हणाले, "बघ गो बाय. पिंजऱ्यात होतो तवसर जिवंत होतो. तू सोडलंस म्हणान मेलो." तेव्हापासून दर गणपतीत, सगळे जमले की हे वाक्य येतं. गेल्या वर्षीही आलं. मी कधी उत्तर दिलं नाही, कारण दार माझ्या हाताने उघडलं गेलं होतं.

आज देते. काकानू, मिठू मेला तो तुम्ही छाटलेल्या पंखांमुळे. कापलेलं पीस पुन्हा वाढत नाही. ते गळून नवं येईपर्यंत पक्षी तसाच अधू राहतो, आणि नवं आलं की तुम्ही परत कात्री घ्यायचात. दुसरं, पोपटाचं पिल्लू साधारण सहा-सात आठवड्यांचं झाल्यावर ढोलीबाहेर पडतं, आणि त्यानंतर काय खायचं, कावळा दिसला की काय करायचं हे आईबापांमागे फिरून शिकतं. तुम्ही तिसऱ्या आठवड्यात उचललंत. त्याला कावळा म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. आणि शिकारीचं म्हणाल, तर कायद्याच्या व्याख्येत पकडणं, सापळा लावणं, पक्ष्याची अंडी-घरटी मोडणं ही सगळी शिकारच आहे. बंदूक लागत नाही. मी चुकले ती दार उघडण्यात, आणि ती चूक माझी आहे. पण आधीच्या दोन चुका माझ्या नव्हत्या.

तर तुम्ही दार उघडू नका आणि गच्चीवर नेऊन उडवूनही देऊ नका. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करून स्वतःहून सांगा की पोपट आहे आणि सुपूर्द करायचा आहे. तोपर्यंत चपाती, दूधभात, फरसाण बंद करा. पेरू, भिजवलेली कडधान्यं, पालेभाजी, कणीस द्या.

मी वकील नाही, त्यामुळे स्वतःहून दिल्यावर तुमच्यावर काय कारवाई होईल किंवा होणार नाही याची हमी मी देऊ शकत नाही. आणि वर लिहिलंय ते आपल्या रानातल्या पोपटाबद्दल. आफ्रिकन ग्रे, मकाव, काकातुआ असे विदेशी पक्षी असतील तर २०२४च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी लागते. ती नोंदणी करून आपला हिरवा पोपट कायदेशीर होत नाही. कोणी तसं सांगून पैसे मागितले तर देऊ नका. लव्हबर्डच्याही सगळ्या जाती या नोंदणीतून मोकळ्या नाहीत, विकत घेण्याआधी जात विचारा.

फोन करण्याआधी एक करा. पोपटाचा पंख हलक्या हाताने पसरून उजेडात बघा. मोठ्या पिसांची टोकं निमुळती असायला हवीत. सरळ कापलेली दिसली तर ते सगळ्यात आधी सांगा, म्हणजे तिकडेही कोणी त्याला घाईने सोडणार नाही.