घरी बिनअंड्याचा रिच चॉकलेट केक कसा करायचा? माझा नेहमी कोरडा आणि फिका होतो

तुम्ही लिहिलंय की मैदा, कोको, बटर, कंडेन्स्ड मिल्क सगळं मापात घेता, वरून चॉकलेटचे तुकडेपण टाकता, तरी केक दिसायला काळा आणि खायला फिकाच, दुसऱ्या दिवशी तर नुसता भुगा. अंडं घरात चालत नाही. आमच्या जळगावच्या घरात पण तेच, अंडं आणलं तर सासूबाई ओट्याकडे फिरकणार नाहीत, म्हणून माझे सगळे केक बिनअंड्याचेच असतात.

पहिले तर ते तुकडे टाकणं बंद करा. केकमधली चॉकलेटची चव मुख्य कोको पावडरमधून येते, आणि कोको नुसता मैद्यात चाळून मिसळला की तो पूर्ण खुलतच नाही. त्याच्यावर उकळतं पाणी ओतायचं, चमचाभर इन्स्टंट कॉफी टाकायची, गुठळ्या मोडून झाकून ठेवायचं. आपण शेवभाजीचा मसाला तेलात परतल्याशिवाय रस्सा करतो का, तसंच आहे हे. कॉफीची चव लागत नाही, कोकोचा कडवटपणा तेवढा वर येतो. चिमूटभर मीठ पण टाकाच, गोडाला मीठ कशाला म्हणून सोडू नका.

दुसरं म्हणजे बटर काढा आणि तेल घ्या. बटर थंड झालं की घट्ट होतं त्यामुळे फ्रीजमधला केक टणक लागतो, तेल पातळच राहतं म्हणून केक मऊ राहतो. फक्त घाणीचं शेंगदाणा तेल नको, आपल्याकडे ते घरात असतंच पण त्याचा वास कोकोला खाऊन टाकतो, रिफाईंड सोयाबीन किंवा सूर्यफूल घ्या. कंडेन्स्ड मिल्कने केक गोड आणि जड होतो पण चॉकलेटी होत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. आणि हो, अंड्याऐवजी केळं टाका असं बरेच जण सांगतात. रावेर-यावलची केळी घरात पिकून पडलेली असली तरी या केकमध्ये नको, केळ्याचा वास चॉकलेटवर बसतो, त्यांचा वेगळा केक करा ना.

माझं माप सांगते, ७ इंची डब्यासाठी. ५० ग्रॅम कोकोवर पाऊण कप उकळतं पाणी आणि कॉफी, ते कोमट झालं की त्यात २०० ग्रॅम पिठीसाखर, १०० मिली तेल आणि अर्धा कप आंबट दही फेटून घ्यायचं, मग १५० ग्रॅम मैदा, पाऊण छोटा चमचा खायचा सोडा, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर आणि मीठ हे सगळं एकत्र चाळून त्यात घालायचं आणि पीठ दिसेनासं झालं की थांबायचं, जास्त फेटलं की केक चिवट होतो. मिश्रण पातळसर वाटेल, घाबरून मैदा वाढवू नका, तुमच्या भुग्याचं एक कारण तेच असेल. दही आंबट पाहिजे कारण सोड्याला आंबट लागतं तेव्हाच तो फुलवतो. कोकोच्या पाकिटावर ५०० किंवा ५०१ असे आकडे असले तर तो अल्कली लावलेला डच प्रोसेस कोको, रंगाला गडद पण आंबटपणा गेलेला, मग दह्याला अजिबात सुट्टी नाही.

ओटीजी (छोटा इलेक्ट्रिक ओव्हन) आधी तापवून १७५ डिग्रीवर ३५ मिनिटांच्या आसपास. पहिली २५ मिनिटं दार उघडू नका, मधे खड्डा पडतो. सुरीला ओलं पीठ नको पण दोन-चार ओलसर कण चिकटले तर लगेच काढा, सुरी एकदम कोरडी येईपर्यंत ठेवला तर समजा उशीर झाला. लाईटचा भरवसा नसेल तर जाड बुडाची जुनी कढई घ्या, तळाला मीठ, वर स्टँड, घट्ट झाकण, मध्यम गॅसवर दहा मिनिटं तापवून मग डबा ठेवा आणि गॅस बारीक करा, पाऊण तास तरी लागतो. रोजच्या कुकरमध्ये पाण्याशिवाय करू नका, ॲल्युमिनियम खराब होतं, आणि तरी केलाच तर शिट्टी आणि रिंग काढूनच.

आता वरचं गनाश, म्हणजे गरम क्रीममध्ये वितळवलेलं चॉकलेट. थंडीत २०० ग्रॅम डार्क चॉकलेटला २०० ग्रॅम क्रीम चालतं, पण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे ४४-४५ च्या पुढे पारा जातो तेव्हा क्रीम निम्म्यावर आणा, नाहीतर गनाश ताटात उतरतं. क्रीम उकळी फुटू न देता कडेला बुडबुडे आले की बंद, चॉकलेटवर ओता, दोन मिनिटं हात लावू नका, मग मधून हळूहळू हलवा. चॉकलेट घेताना पाकीट उलटून बघा, कोको बटर लिहिलं असेल ते खरं, त्याऐवजी व्हेजिटेबल फॅट लिहिलं असेल ते कंपाउंड. कोको बटर ३४ डिग्रीच्या आसपास वितळतं म्हणून तोंडात टाकलं की विरघळतं, आणि त्याच कारणाने मेमध्ये किराणा दुकानातून घरी येईपर्यंतही त्याची वाट लागते. कंपाउंड उन्हाला टिकतं पण टाळूला मेणासारखं चिकटतं. पाहुण्यांसमोर दोन तास टेबलावर ठेवायचा असेल तर कंपाउंड घ्या, घरच्या घरी खायचा असेल तर खरं चॉकलेट. व्हिपिंग क्रीमची फुलं मात्र उन्हाळ्यात काढूच नका, मेणबत्ती विझेपर्यंत टिकत नाहीत.

केक आदल्या दिवशी करून झाकून ठेवा, दुसऱ्या दिवशी कोको जास्त मुरलेला लागतो. फ्रीजमधून काढून लगेच कापू नका, थंडगार केकला चव कमी लागते, मेमध्ये पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवला तरी पुरे.