वाचकांचे प्रश्न : पाळकांची यादी जुळवताना

प्रश्न : आमच्या मेथडिस्ट मंडळीचा शताब्दी अंक निघतो आहे. चर्चमधल्या संगमरवरी फलकावर पाळकांची नावं आहेत, पण बाप्तिस्म्याच्या वहीतल्या सह्या त्यांच्याशी जुळत नाहीत. खरं कोणतं धरायचं? (एक वाचक, पुणे)

लगेच दोन्हींपैकी एकही धरू नका. मेथडिस्ट मंडळी आपला पाळक स्वतः निवडत नाही. वार्षिक कॉन्फरन्सच्या (त्या भागातल्या मंडळ्यांची संघटना आणि तिची दरवर्षीची बैठक, दोन्हींना हेच नाव) शेवटी बिशप नेमणुका जाहीर करतात आणि त्या कॉन्फरन्सच्या अहवालात छापल्या जातात. तुमचा पहिला पुरावा म्हणजे ही छापील यादी.

अहवाल कोणत्या नावाखाली शोधायचा, इथेच बरेच जण अडतात. 1876 मध्ये साउथ इंडिया कॉन्फरन्स स्थापन झाली, तेव्हा मुंबई-पुण्याच्या नेमणुका तिच्या अहवालात जात. बॉम्बे कॉन्फरन्स 1892 मध्ये वेगळी निघाली. म्हणून 1880 सालचा पुण्याचा पाळक ‘बॉम्बे’च्या अहवालात सापडणार नाही. इथे अहवाल मिळाले नाहीत, तर अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ड्रू विद्यापीठाच्या आवारात मेथडिस्ट अभिलेखागार आहे, तिथे पत्र पाठवा. पत्रात कॉन्फरन्सचं नाव आणि साल नेमकं लिहा. नुसतं ‘आमच्या चर्चची माहिती हवी’ असं लिहून हाती काही लागत नाही.

आता सह्यांकडे. वहीतली सही बाप्तिस्मा देणाऱ्याची असते, आणि तो त्या मंडळीचा पाळक असेलच असं नाही. दीक्षा न झालेला उपदेशक मंडळी सांभाळत असे, पण बाप्तिस्म्यासारखे संस्कार देण्यासाठी डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडंट (जिल्ह्यातल्या मंडळ्यांवर देखरेख ठेवणारा पाळक) किंवा मिशनरी दौऱ्यावर येई. एकाच तारखेला दहा-बारा बाप्तिस्मे आणि खाली एकच सही दिसली, की ती पाहुण्याची असावी असं समजा आणि पुढचे-मागचे महिने तपासा. लग्नाची वहीही ताडून पाहा. 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे तिच्यात लग्न लावणाऱ्याची आणि दोन साक्षीदारांची सही लागते. साक्षीदारांच्या सह्यांत मंडळीतली कर्ती माणसंही सापडतात, ती टिपून ठेवा.

काम असं करा. प्रत्येक वर्षाला एक कार्ड घ्या. त्यावर छापलंय तसं नाव, हुद्दा, अहवालाचं पान आणि वहीतल्या सह्या लिहा. इंग्रजी आद्याक्षरांची मराठी नावं अंदाजाने पूर्ण करू नका. एकाच आद्याक्षरांचे बाप-लेक पुष्कळदा एकाच कॉन्फरन्समध्ये सापडतात. कॉन्फरन्स डिसेंबरात भरली असेल, तर त्या अहवालातली नेमणूक पुढच्या वर्षाची असते. फलकावर एका वर्षाचा फरक पडतो, तो बहुधा इथूनच. वह्यांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, सरळ वरून फोटो घ्या.

आणि नुसत्या पाळकांवर थांबू नका. बायबल वुमन (घरोघरी जाऊन बायकांना बायबल शिकवणाऱ्या स्त्रिया) आणि शाळेच्या शिक्षिका यांची नावं या नेमणुकांत नसतात. ती वुमन्स कॉन्फरन्सच्या, म्हणजे स्त्री-कार्यकर्त्यांच्या कॉन्फरन्सच्या, वेगळ्या अहवालांत असतात. त्यांच्याशिवाय छापलेला इतिहास अर्धाच राहील, आणि शताब्दी अंकात ही उणीव फार खटकते.

प्रश्न : मुंबईतल्या मेथडिस्ट मंडळीचे संस्थापक विल्यम टेलर की जॉर्ज बोवेन? (एक वाचक, भायखळा)

टेलर. ते नोव्हेंबर 1871 मध्ये मुंबईत आले. त्यांच्या सभांतून घरोघरी लहान वर्ग सुरू झाले आणि 1872 च्या आरंभी त्यांतूनच मंडळी उभी राहिली. परदेशी मिशनचा पगार न घेता मंडळीने आपला खर्च आपण चालवावा, हा त्यांचा आग्रह होता. सुरुवातीचे सभासद मुख्यतः इंग्रजी बोलणारे असल्यामुळे तो निभावलाही.

बोवेन मात्र 1848 पासून मुंबईत होते, तेही अमेरिकन बोर्ड या वेगळ्या, मेथडिस्ट नसलेल्या मिशनरी संस्थेत. मिशनचा पगार त्यांनी सोडला होता. ‘बॉम्बे गार्डियन’ हे पत्र ते चालवत. टेलर आल्यावर ते मेथडिस्ट झाले आणि 1888 मध्ये वारले. अपोलो बंदराजवळच्या चर्चला त्यांचं नाव असल्यामुळे हा घोळ होतो.

मराठी वाचकांनी आणखी एक नाव लक्षात ठेवावं : जसवंतराव चितंबर. मराठी घराण्यातले, अलाहाबादला जन्मलेले चितंबर 1930 मध्ये बिशप म्हणून निवडून आले. मेथडिस्ट मंडळीचे ते पहिले भारतीय बिशप.

प्रश्न : आमच्या कोनशिलेवर ‘मेथडिस्ट एपिस्कोपल’ आहे, पाटीवर ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’. शेजारची मंडळी सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या मिळून झालेली मंडळी) गेली, आमची का नाही?

मंडळी एकच, नावं काळाची. 1939 मध्ये अमेरिकेतल्या तीन मेथडिस्ट शाखा एक झाल्या आणि ‘एपिस्कोपल’ (बिशप असलेली) हा शब्द गळाला. पुढे ‘मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया’ असं लिहिलं जाई. 7 जानेवारी 1981 ला मद्रासला स्वायत्त ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ स्थापन झाली.

सीएनआय 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात झाली. ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट तिच्यात गेले. अमेरिकन परंपरेची आपली मंडळी वाटाघाटींत शेवटपर्यंत होती, पण त्याच वर्षी बाहेर पडली. नावं अशी बदलत गेली, म्हणून दस्तऐवजाची नक्कल काढताना त्या सालचं नाव लिहूनच अर्ज करा. जुना दस्त आजच्या नावाने शोधला तर सूचीत सापडणार नाही.