एनसीने मुदत थांबत नाही

मुलुंडच्या एका वाचकांचा प्रश्न: आईंना अर्धांगवायू झाल्यावर बोरिवलीतल्या एका शुश्रूषा केंद्रात ठेवलं. तिथे त्यांच्या दोन्ही मनगटांवर वळ आणि कमरेखाली बेडसोअर दिसलं. पोलिसांत एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) केली, आईंना घरी आणलं. त्याला साडेदहा महिने झाले, पोलीस हलत नाहीत. प्रवेशाच्या वेळी ‘कोणत्याही इजेस संस्था जबाबदार नाही’ या कागदावर सही केली आहे. आता काही करता येईल का?

अशी पत्रं बरीच येतात, आणि बहुतेकांना एनसीची झेरॉक्स जोडलेली असते. दोन्ही मनगटांवर सारखेच वळ पलंगावरून पडून उठत नाहीत, हे तुम्हालाही कळलं होतं. म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

साधी दुखापत म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 115(2), शिक्षा एक वर्षापर्यंत. करार करून असहाय माणसाची देखभाल अंगावर घेतली आणि मुद्दाम केली नाही, तर कलम 357, शिक्षा तीन महिन्यांपर्यंत. हे दोन्ही गुन्हे अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. पोलीस नोंद करतात आणि कोर्टात जा म्हणतात. तेवढंच त्यांच्या हातात असतं. तुम्ही गेला नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटल्यांच्या कार्यपद्धतीचा कायदा) कलम 514 प्रमाणे अशा गुन्ह्यांची दखल एका वर्षानंतर कोर्टाला घेता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2013 मध्ये स्पष्ट केलं की मुदत मोजताना कोर्टात तक्रार दाखल झाल्याची तारीख धरायची. एनसीची तारीख त्यात कुठेच येत नाही.

म्हणजे दीड महिना उरला, असं समजू नका. वर्ष तुम्ही वळ पाहिलेत त्या दिवसापासूनच मोजलं जाईल याची खात्री नाही. पीडित आई आहेत आणि त्यांना ते आधीच माहीत होतं, असं समोरचा वकील म्हणणारच. आईंना बोलता येत नसेल तर त्याला उत्तर आहे, पण त्यावर विसंबून राहू नका. याच आठवड्यात बोरिवलीच्या दंडाधिकारी कोर्टात खासगी तक्रार टाका. आधी नोटीस पाठवत बसलात तर तिच्या उत्तरातच महिना जाईल. उशीर माफ करण्याची तरतूद आहे, पण साडेदहा महिने कशात गेले हे कोर्टाला सांगावं लागेल, आणि तुमच्या पत्रात तरी त्याचं उत्तर दिसत नाही.

तीन दिवस किंवा जास्त बांधून ठेवल्याचं सिद्ध करता आलं तर शिक्षा आणि मुदत दोन्ही तीन वर्षांपर्यंत जातात, आणि तो गुन्हा दखलपात्र आहे. हाड मोडलं असेल तर प्रकरण आणखी गंभीर. मात्र केसपेपर पाहिल्याशिवाय यावर मी काही म्हणणार नाही.

सही केलेल्या त्या कागदाची धास्ती सोडा. असं कलम गुन्ह्याला ढाल होत नाही, आणि ग्राहक आयोगात त्याला अनुचित करार म्हणता येतं. तुमच्या कामाची ओळ त्याच कागदावर दुसरीकडे असेल: दर दोन तासांनी कूस बदलणे, चोवीस तास आया वगैरे. कलम 357 त्या ओळीवर उभं राहतं. त्या कागदाची प्रत तुम्ही घेतलीच नाहीत, हे वाचून मी कपाळावर हात मारला. आज लेखी मागा.

ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे, तक्रार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात करता येते आणि पाच लाखांपर्यंत मोबदला दिला असेल तर शुल्क लागत नाही. निकाल तीन महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. कायद्याला म्हणू द्या. भरपाई हवी असेल तर तीही तक्रार करा, पण फौजदारी तक्रारीनंतर.

ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्याखालचं न्यायाधिकरण मुख्यतः मुलं आणि नातेवाइकांविरुद्ध आहे, केंद्राविरुद्ध तिथे जाऊन वेळ घालवू नका.

आणि वळांचे फोटो ज्या फोनवर काढलेत तो फोन विकू नका, एक्स्चेंजमध्येही देऊ नका. व्हॉट्सअॅपवरून फिरलेल्या प्रतीपेक्षा तो फोन कोर्टात जास्त उपयोगी पडेल.