56व्या वर्षी धंदा: पीएफला हात लावू का?

“नोकरी गेली, वय पन्नाशीच्या पुढे, हातात पीएफचे पैसे आहेत आणि बाजाराचं काही खरं नाही. अशात धंद्यात पडावं का?” हा प्रश्न घेऊन येणारी माणसं माझ्याकडे अलीकडे वाढली आहेत. त्यातल्या एका जोडप्याबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

गृहस्थ 56 वर्षांचे. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला होते. ऑर्डरी घटल्या, एक पाळी बंद झाली आणि त्यांना व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घ्यावी लागली. घराचं कर्ज फिटलेलं, मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. चहाची फ्रँचायझी घ्यायचं त्यांनी जवळपास ठरवलं होतं, सगळा मिळून खर्च 9 लाख. पत्नी सोबत होत्या, पण गप्पच बसल्या होत्या.

त्यांनी पिशवीतून ग्राफ पेपर काढला. त्यावर दुकानाचा नकाशा होता. काउंटर, सिंक, शेगडी, सगळी मापं मिलिमीटरमध्ये. त्याच कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं: रोज 500 कप. हा आकडा कुणी मोजला, असं मी विचारलं. तो फ्रँचायझीवाल्याने सांगितला होता. तपासल्याशिवाय एक लॉट पुढे न सोडणारा हा माणूस स्वतःच्या आयुष्याची कमाई न तपासता सोडायला निघाला होता. मी एवढंच सुचवलं, की ज्या रस्त्यावर दुकान घ्यायचंय, तिथल्या एखाद्या टपरीवर आठवडाभर बसा आणि कप मोजा. ते तासातासाचा तक्ताच करून घेऊन आले. आकडा 200च्या वर एकदाही गेला नव्हता, आणि रविवारी तर रस्ता ओस. वर दूध-साखरेचे भाव, आणि व्यावसायिक सिलिंडरचा दर तर महिन्याच्या 1 तारखेला बदलतो.

तरीही त्यांचं मन दुकानातून निघेना. मग मी विचारलं, “दुकान घेतलंच नाही, तर सगळ्यात जास्त काय सलेल?”

बऱ्याच वेळाने म्हणाले, “मॅडम, साडेसातला डबा घेऊन निघायची सवय. आता खाली उतरलो की वॉचमन विचारतो, साहेब, आज सुट्टी का?”

तेव्हा ताई पहिल्यांदा बोलल्या. “हे रोज सकाळी भाजीची पिशवी घेऊन निघतात आणि गंगेवर, गोदावरीच्या घाटावर, जाऊन बसतात. मला वाटायचं मंडईत जातात.”

म्हणजे 9 लाख मोजून ते सकाळी साडेसातला जायची जागा विकत घेत होते. नोकरी गेल्याची लाज आणि पैशांचा हिशेब एकमेकांत गुंतले की माणूस घाईने मोठी रक्कम लावून मोकळा होतो. वय त्यामानाने फारसं आड येत नाही. म्हणून अशा माणसाला मी आधी झोप आणि भुकेबद्दल विचारते. ती उडाली असेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर पैशांचा निर्णय बाजूला ठेवायचा आणि आधी मदत घ्यायची. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. या गृहस्थांची तशी अवस्था नव्हती.

पुढच्या वेळी पासबुकं मागवली. ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची, पूर्ण पेन्शन 58व्या वर्षापासून; त्याआधी घेतली तर प्रत्येक वर्षामागे 4 टक्के कमी. तोवरचा घरखर्च आणि मुलाची फी यांची सोय आधी लागायला हवी होती. 55 ते 60 या वयात निवृत्त झालेल्यांना, व्हीआरएसवाल्यांनाही, निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून 3 महिन्यांच्या आत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवता येतात. हे त्यांना ठाऊक नव्हतं. मुदत संपायच्या आत बरीचशी रक्कम तिकडे गेली. राहिलेल्यातले किती बुडाले तर चालतील, हे मी ताईंना विचारलं. त्या लगेच म्हणाल्या, “दीड लाख. वर एक रुपया नाही.” त्यांचं मत घरात तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

दीड लाखात ते दुकान होणार नव्हतं. पण बोलता बोलता त्यांनीच सांगितलं, की अंबड-सातपूरच्या छोट्या गाळेवाल्यांना मोठ्या कंपनीला माल देताना तपासणीचे रिपोर्ट आणि पीपॅपची (सुटा भाग मागणीप्रमाणेच बनतोय, याच्या मंजुरीची) कागदपत्रं धड करता येत नाहीत, आणि त्यासाठी पगारी माणूस परवडत नाही. असले रिपोर्ट ते वर्षानुवर्षं परत पाठवत आले होते. मग जुना हाइट गेज आणि मायक्रोमीटर ही मापायची साधनं घेऊन ती एनएबीएल या राष्ट्रीय संस्थेची मान्यता असलेल्या लॅबमधून कॅलिब्रेट करून, म्हणजे त्यांची अचूकता तपासून, आणली, मित्राच्या गाळ्यात एक टेबल टाकलं आणि उद्यम, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी, नोंदणी केली. तिला पैसे पडत नाहीत. पीएमईजीपी या नव्या उद्योगांसाठीच्या सरकारी योजनेच्या कर्जाला वयाची वरची मर्यादा नाही, पण पहिल्या वर्षी डोक्यावर हप्ता नको, असं मी आग्रहाने सांगितलं.

काम मिळालं. अडलं ते वसुलीला. पगार खात्यात आपोआप जमा व्हायचा. स्वतःचेच पैसे मागणं त्यांना भीक मागितल्यासारखं वाटे. फोनवर म्हणायचे, “तुमच्या सोयीने बघा.” आम्ही तो फोन माझ्या खोलीत बसून पुन्हा पुन्हा बोलून पाहिला, मी गाळेवाला व्हायचे. शेवटी वाक्य ठरलं: “4 तारखेचं बिल आहे, शुक्रवारी येतोय, चेक तयार ठेवा.” नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या पुढे अडवता येत नाहीत, असा 2006चा कायदा आहे, हे कळल्यावर त्यांच्या आवाजात जोर आला.

आज त्यांची मिळकत जुन्या पगाराच्या निम्म्याच्या आसपास आहे, एखाद्या महिन्यात त्याहूनही कमी. दोन गिऱ्हाइकांचे गाळे मंदीत बंद झाले. मुलाची फी मात्र वेळेवर गेली. हाताखाली एक मुलगा ठेवावा का, यावर सध्या दोघांचं जमत नाहीये: ताईंना दर महिन्याच्या पगाराचा बोजा नको आहे, त्यांना एकट्याला काम उरकत नाही. पुढच्या आठवड्यात दोघं त्यासाठीच येणार आहेत, हिशेबाची वही घेऊन.