य = (क्ष − ३)² मध्ये वजा ३ आहे, तरी आलेख उजवीकडे का सरकतो? आणि (क्ष − ३)² + २ मध्ये अधिक २ मात्र सरळ वरच का नेतो?

आधी किमती मांडून बघा. क्ष² मध्ये क्ष = ०, १, २ घेतलं तर य = ०, १, ४ येतात. (क्ष − ३)² मध्ये याच ०, १, ४ हव्या असतील तर क्ष = ३, ४, ५ घ्यावं लागतं. कंसात ३ वजा होणार आहेत, म्हणून तेवढीच उंची गाठायला क्ष आधीच ३ ने मोठा हवा. त्यामुळे प्रत्येक बिंदू उजवीकडे ३ एकक जातो आणि शिरोबिंदू (इथे वक्राचा सगळ्यात खालचा बिंदू) (३, ०) वर येतो.

तुमच्या दुसऱ्या शंकेचं उत्तर समीकरणाच्या मांडणीत आहे. य = (क्ष − ३)² + २ हे य − २ = (क्ष − ३)² असं लिहा. आता दोन्हीकडे वजाच आहे: क्षच्या जागी क्ष − ३, यच्या जागी य − २. आलेख ३ उजवीकडे, २ वर, शिरोबिंदू (३, २). उभ्या सरकण्याचा नियम वेगळा नाहीच. आपण २ उजव्या बाजूला नेतो म्हणून चिन्ह बदललेलं दिसतं. वर्तुळाच्या (क्ष − ३)² + (य − २)² = २५ या समीकरणात केंद्र (३, २) असतं, तेही याच कारणाने. म्हणून "आत उलट, बाहेर सुलट" (कंसातल्या चिन्हाच्या उलट दिशेला, बाहेरच्या चिन्हाच्या दिशेला सरकवा) असं पाठ करू नका, असं मला वाटतं. वर्तुळापाशी तो नियम लटका पडतो.

क्ष² − ६क्ष + ११ असं दिलं असेल तर आधी पूर्ण वर्ग करा: (क्ष² − ६क्ष + ९) + २, म्हणजेच (क्ष − ३)² + २.

सगळ्यात जास्त गुण जातात ते क्षला सहगुणक असताना. य = (२क्ष − ६)² पाहून बहुतेक जण आलेख ६ ने सरकवतात. शिरोबिंदू मात्र २क्ष − ६ = ० म्हणजे क्ष = ३ ला आहे. सहगुणक बाहेर काढून (२(क्ष − ३))² लिहा, म्हणजे क्ष² चा आलेख आडवा निम्मा करून मग ३ सरकवायचा हे दिसतं. आधी ६ सरकवून मग निम्मा केला तरी चालतं, कारण तेव्हा ते ६ सुद्धा निम्मे होतात. क्रम बदलला की अंतर बदलतं, एवढं भान ठेवा.

√(४ − क्ष) मध्येही हाच घोटाळा होतो. ते √(−(क्ष − ४)) आहे: √क्ष चा आलेख य-अक्षात उलटवा, मग ४ उजवीकडे न्या. तो (४, ०) पासून सुरू होऊन डावीकडे पसरतो.

१/(क्ष + २) − १ सारख्या फलात बिंदूंआधी अनंतस्पर्शी रेषा (वक्र ज्यांच्या जवळ जवळ जात राहतो, पण ज्यांना टेकत नाही अशा रेषा) सरकवा. १/क्ष च्या क्ष = ० आणि य = ० या रेषा आता क्ष = −२ आणि य = −१ होतात. त्या तुटक काढल्या की वक्र त्यांनी केलेल्या चार भागांपैकी चुकीच्या भागात जात नाही.

काढून झाल्यावर एक बिंदू मूळ समीकरणात घालून पाहा. इथे क्ष = −१ घेतलं की य = ० यायला हवं.