१२४, १३० आणि बाकीचं बरंच काही

प्रश्न : मुलगी तिसरीत आहे. तिचा बुद्ध्यंक १२४ आला. शाळेतल्या प्रज्ञावंतांच्या वर्गासाठी १३० लागतो. सहा गुण कमी म्हणजे ती तेवढी हुशार नाही, असंच ना? – एक आई, नाशिक

ताई, आधी अहवालात चाचणीचं नाव बघा. आपल्याकडे अजून बिने-कामत चाचणी पुष्कळ चालते. डॉ. कामतांनी ती स्वातंत्र्याआधी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. तिचा हिशेब सरळ आहे : मानसिक वय (मूल किती वर्षांच्या मुलांइतकं सोडवतं ते) भागिले खरं वय, गुणिले शंभर. वेक्स्लर पद्धतीच्या चाचण्यांमध्ये मूल स्वतःच्या वयाच्या मुलांमध्ये कितव्या जागी बसतं ते पाहतात. तिथे सरासरी १०० असते आणि १३० च्या वर शंभरातली जेमतेम दोन मुलं जातात. त्यामुळे एका चाचणीतले १२४ दुसरीतल्या १२४ च्या शेजारी ठेवून चालत नाही. शाळेची १३० ची अट कोणत्या चाचणीवरची, हे मी तरी पहिल्यांदा विचारीन.

शिवाय रात्रीची झोप, सकाळचा नाश्ता, चाचणी घेणाऱ्या अनोळखी बाईंशी जमलं की नाही, एवढ्यावरही लहान मुलांचे पाच-सहा गुण इकडेतिकडे होतात. म्हणून नीट लिहिलेल्या अहवालात एका आकड्याबरोबर 'इथपासून इथपर्यंत' असा पट्टाही दिलेला असतो. तुमच्या मुलीच्या पट्ट्यात १३० येतो का, ते बघा. तो पट्टा आणि उपचाचण्यांचे गुण घेऊन शाळेत जा. लगेच तीच चाचणी पुन्हा द्यायला लावू नका. सरावाने गुण फुगतात आणि त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

एक जुना किस्सा सांगते. १९२१ मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लुइस टर्मन यांनी बुद्ध्यंक पाहून सुमारे दीड हजार प्रज्ञावंत मुलं निवडायला घेतली. विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ या दोन मुलांचीही चाचणी झाली, पण ती यादीत बसली नाहीत. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निवडलेल्यांपैकी एकालाही मिळालं नाही.

प्रश्न : 'वर्गातल्या तीन प्रतिभावान मुलांची नावं पाठवा' असा तक्ता आलाय. आमची मुलं घरी पावरी बोलतात. निवडायचं कसं? – जिल्हा परिषद शिक्षक, नंदुरबार

सर, तुम्हाला प्रश्न पडला हेच मला महत्त्वाचं वाटतं. बहुतेकजण तक्ता दहा मिनिटांत भरतात, आणि त्यात अक्षर चांगलं, गृहपाठ पूर्ण, हात वर करून प्रमाण मराठीत उत्तर देणारी मुलं येतात. गुणी मुलं, यात वाद नाही. पण तक्त्यात विचारलंय ते हे नव्हे.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या ब्रोवर्ड परगण्यात प्रज्ञावंतांच्या वर्गासाठी आधी शिक्षक-पालक सुचवतील त्याच मुलांची तपासणी व्हायची. २००५ च्या सुमारास दुसरीतल्या सगळ्याच मुलांना एक छोटी शब्दविरहित चाचणी दिली गेली. निवडलेल्यांत गरीब, कृष्णवर्णीय आणि स्पॅनिशभाषक घरांतल्या मुलांचं प्रमाण एकदम वाढलं. ती मुलं आधीही त्याच वर्गांत बसत होती!

तेव्हा जमलं तर सगळ्यांनाच रेवनसारखी आकृत्यांची चाचणी द्या. ती एकटी पुरत नाही, पण भाषेचा अडसर बराच कमी करते. मग पंधरा दिवस नुसतं बघा. बाजारात हिशेब कोण तोंडी करतं? खेळाचे नियम बदलून नवा खेळ कोण काढतं? 'पण असं का?' हे पावरीतून शेजारच्याला कोण विचारतं? आणि पाचवीतल्या मुलांचे नवोदयचे अर्ज भराच. त्या परीक्षेत ८० पैकी ४० प्रश्न मानसिक क्षमतेचे, आकृत्यांवरचे असतात आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी आहेत.

प्रश्न : मुलगा शिष्यवृत्तीच्या गुणवत्ता यादीत आला. म्हणजे तो प्रज्ञावंत का? – एक वडील, सांगली

अभिनंदन. पण त्या परीक्षेत भाषा, गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी यांची तयारी करून घेता येते, आणि ती किती जोरात करून घेतली जाते हे तुम्ही मला सांगायला नको. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीसारख्या ठिकाणी स्मरणाबरोबर नवनिर्मितीच्या क्षमताही वेगळ्या तपासतात, त्या याच कारणाने. यादी संपल्यावर तो आपणहून कशात रमतो ते बघा.

प्रश्न : सहावीतला मुलगा विमानांबद्दल तासभर बोलतो, पण लिहायला बसला की पानभर चुका. शाळा म्हणते, 'हा कसला हुशार?' – आई, ठाणे

शाळा एकच बाजू बघते आहे. तल्लख बुद्धी आणि अध्ययन अक्षमता एकाच मुलात असू शकतात. गंमत अशी की दोन्ही एकमेकांना झाकतात, म्हणून असं मूल 'बेताचं' दिसतं. एकूण बुद्ध्यंकावर थांबू नका. भाषिक तर्क वर आणि लेखन किंवा वेग खाली, अशी दरी आहे का, हे तपासायला सांगा. दरी सापडली तर जास्तीचा वेळ, लेखनिक या सवलतींची चौकशी करा आणि विमानांचं बोलणं चालू ठेवा. दहा वर्षांपूर्वी माझ्याकडे असाच एक मुलगा आला होता. मी फक्त एकूण गुण पाहून त्याला परत पाठवलं. आता मी उपचाचण्यांचं पान आधी उघडते.