रेझ्युमेच्या आधी आठ दिवस वही लिहा

तुम्ही लिहिलंय की मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय, भोसरीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये ३ वर्षं व्हीएमसीवर (धातू कापणाऱ्या संगणक-नियंत्रित मशीनवर) आहात, आता चाकणला मोठ्या कंपनीत जायचंय, पण 'रेझ्युमेत टाकण्यासारखं काही केलेलंच नाही'. मुलाखती घेताना हे मी कितीदा तरी ऐकलंय आणि बहुतेक वेळा ते खरं नसतं.

नेटवरचा साचा भरायची घाई नको. एक वही घ्या. आठ दिवस, शिफ्ट सुटली की पाच मिनिटं बसून त्या दिवशीचं काम लिहा: कुठला जॉब, मटेरियल काय, मशीनचा कंट्रोल फॅनुक कंपनीचा की सीमेन्सचा, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) किती, फर्स्ट पीस कशानं तपासला, रिजेक्शन आलं तर का.

माझ्यासमोर बसलेल्या एका मुलाच्या कागदावर एवढंच होतं, 'मशीन ऑपरेटिंगचा अनुभव'. बोलतं केल्यावर कळलं, ॲल्युमिनियम हाउसिंगचं सेटिंग तो एकटा करायचा, टूल झिजलं की ऑफसेट (मशीनमधली मापाची दुरुस्ती) स्वतः द्यायचा. फिक्स्चरला, म्हणजे जॉब धरणाऱ्या साच्याला, लोकेटिंग पिना बसवून घेऊन त्यानं सेटिंगचा वेळ दीड तासावरून ५० मिनिटांवर आणला होता. यातलं अक्षरही त्यानं लिहिलं नव्हतं! फार वाईट वाटलं मला. तुमच्याकडेही असं काहीतरी नक्की आहे. आकडा नेमका आठवत नसेल तर 'सुमारे' लिहा, पण फुगवू नका. शॉप फ्लोअरवरचा माणूस दोन प्रश्नांत ओळखतो.

मग चाकण-रांजणगावच्या पाच-सहा जाहिराती काढा आणि परत परत येणारे शब्द अधोरेखित करा. तुम्ही 'मशीनिस्ट' लिहिलंत आणि एचआरनं नोकरी डॉट कॉमवर 'व्हीएमसी सेटर' शोधलं, तर तुमचं नाव वर येणं कठीण.

कागदपत्रंही आत्ताच बघा. पीएफ कापला जात असेल तर ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) पोर्टलवर यूएएननं, म्हणजे तुमच्या पीएफच्या कायमच्या क्रमांकानं, लॉगिन करून सर्व्हिस हिस्टरी उघडा. रुजू झाल्याची तारीख रेझ्युमेतल्या तारखेशी जुळलीच पाहिजे, पडताळणीत गोष्ट तिथेच अडकते. पीएफ नसेल तर नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, बँकेच्या नोंदी जमवा. राजीनामा दिल्यावर हेच मागायला गेलात तर चपला झिजतील.

बाकी वडिलांचं नाव, धर्म, लग्न झालंय की नाही, हे सगळं गाळा. एक पान पुरे.

वहीची पहिली दोन-तीन पानं भरली की मला दाखवा, त्यातून ओळी कशा काढायच्या ते मिळून बघू.